आरमारी विद्यालयाचा क्वार्टरबॅक

ज्या खेळाला अमेरिकेंत फुटबॉल म्हणतात, त्याचा आपल्या फुटबॉलशीं नांवापलीकडे फारसा संबंध नाहीं. तेथें चेंडू लांबट असतो आणि तो बहुधा हातांनींच धरला, फेंकला व पळविला जातो. मैदान शंभर यार्ड लांब, प्रत्येक पक्षाचे गडी अकरा; आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें, तरच चेंडू आपल्याकडे राहावयाचा. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला कीं त्याला टचडाउन म्हणतात, आणि त्याचे सहा गुण मिळतात. या अकरा गड्यांत एक असा असतो कीं, जवळजवळ प्रत्येक चढाईचा आरंभ त्याच्या हातून होतो. चेंडू सोबत्याच्या हातीं द्यावा, लांब फेंकावा, कीं स्वतःच घेऊन धांवावें, याचा निर्णय त्याला अंगावर धांवून येणाऱ्या प्रतिपक्षाच्या देखत क्षणार्धांत करावा लागतो. या गड्याला क्वार्टरबॅक म्हणतात.

सेनानायकाच्या अंगीं जें अवधान लागतें तेंच येथेंही लागतें. म्हणूनच कीं काय, अमेरिकेच्या लष्करी विद्यालयांनीं हा खेळ फार जिव्हाळ्यानें जोपासला. हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें १८०२ सालीं भूसेनेचें विद्यालय स्थापन झालें, आणि अ‍ॅनापोलिस येथें १८४५ सालीं आरमाराचें. या दोन विद्यालयांचा पहिला सामना १८९० सालीं झाला. तो आरमारानें २४-० असा जिंकला. तेव्हांपासून त्यांची चुरस साऱ्या देशाच्या कौतुकाचा विषय होऊन बसली.

परंतु इतर कॉलेजें आणि हीं विद्यालयें यांत एक मोठें अंतर आहे. येथील विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार सरकार उचलतें, आणि त्याच्या मोबदल्यांत पदवीनंतर कांहीं वर्षें सैन्यांत चाकरी करण्याचें बंधन तो पत्करतो. १९६५ च्या सुमारास हें बंधन चार वर्षांचें होतें. इतर कॉलेजांतला नामांकित खेळाडू शिक्षण संपतांच धंदेवाईक संघांत जाऊन द्रव्य मिळवूं शके; लष्करी विद्यालयांतल्याला ती वाट बंद असे. फुटबॉल हा ऐन तारुण्याचा खेळ. त्यांतलीं चार वर्षें गेलीं, कीं बहुतेकांचें सारेंच गेलें.

रॉजर स्टॉबाक याची कथा या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिचें मर्म ध्यानांत येतें. त्याचा जन्म ५ फेब्रुवारी १९४२ रोजीं ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं झाला. न्यू मेक्सिकोंतील एका लष्करी शाळेंत एक वर्ष काढून तो १९६१ सालीं अ‍ॅनापोलिसला दाखल झाला. पुढच्याच वर्षीं हंगामाच्या मध्यावर त्याला क्वार्टरबॅकची जागा मिळाली, आणि १९६२ च्या अखेरच्या सामन्यांत आरमारानें भूसेनेचा ३४-१४ असा पाडाव केला. अध्यक्ष जॉन केनेडी हा सामना पाहावयास जातीनें आले होते. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धांत आरमारी अधिकारी होते.

स्टॉबाकची खेळण्याची तऱ्हा निराळी होती. प्रतिपक्षाचा वेढा पडला कीं तो चेंडू टाकून देत नसे. वाट चुकवीत मागें, बाजूला, पुन्हां पुढें असा तो पळत राही, आणि सारे त्याला धरण्याच्या नादांत असतांना एखाद्या मोकळ्या सोबत्याकडे अचूक चेंडू फेंकी. १९६३ च्या हंगामांत त्याच्या दर तीन फेंकींतील सुमारें दोन सफल झाल्या. आरमारानें त्या हंगामांत एकच सामना गमावला, तोही डॅलस शहरांत. कॉलेजांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी त्या वर्षीं स्टॉबाकला मिळाली. ‘लाइफ’ साप्ताहिकानें त्याचें चित्र मुखपृष्ठासाठीं सिद्ध केलें होतें.

तें मुखपृष्ठ वाचकांच्या हातीं पडलेंच नाहीं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं त्याच डॅलस शहरांत केनेडी यांचा खून झाला, आणि त्या जागीं दिवंगत अध्यक्षांचें चित्र आलें. भूसेना-आरमार सामना रद्द करावा असाही विचार झाला. परंतु तो व्हावा अशी इच्छा केनेडी कुटुंबानें दर्शविली. तेव्हां एक आठवडा पुढें ढकलून ७ डिसेंबर रोजीं तो फिलाडेल्फिया येथें खेळला गेला. सुमारें एक लाख लोक जमले होते. आरमारातर्फे तिन्ही टचडाउन पॅट डॉनेली यानें केले, आणि आघाडी २१-७ अशी झाली. परंतु भूसेनेचा क्वार्टरबॅक रॉली स्टिचवे हाही तसाच जिद्दीचा. त्यानें स्वतः टचडाउन करून अंतर २१-१५ वर आणलें, चेंडू पुन्हां आपल्या पक्षाकडे आला, आणि शेवटच्या क्षणीं त्याचा संघ आरमाराच्या रेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर येऊन ठेपला. प्रेक्षकांच्या कोलाहलांत त्याच्या सूचना सोबत्यांना ऐकूं येईनात. तेवढ्यांत वेळ संपली. नुकताच घडलेला खेळ दूरचित्रवाणीवर लगेच पुन्हां दाखविण्याचा प्रयोग प्रथम याच सामन्यांत झाला. आणि त्यांत दिसला तो विजेता स्टॉबाक नव्हे, तर टचडाउन करणारा स्टिचवे.

१ जानेवारी १९६४ रोजीं आरमाराचा संघ पुन्हां डॅलसलाच गेला. या वेळीं अजिंक्य टेक्सास विद्यापीठानें त्याला २८-६ असें हरविलें. पुढचा हंगाम दुखापतींत गेला. आरमाराला तीनच विजय मिळाले आणि भूसेनेनें ११-८ असा जुना हिशेब चुकता केला. अशा रीतीनें कीर्तीचे दोन्ही रंग पाहून स्टॉबाक १९६५ सालीं पदवीधर झाला.

डॅलस येथील ‘काउबॉइज’ या धंदेवाईक संघानें त्याला आधींच निवडून ठेवलें होतें, पण दहाव्या फेरींत. गुणांकडे पाहिलें तर ही फेरी फार खालची. परंतु जो गडी १९६९ पूर्वीं हातीं येणार नाहीं, त्याच्यासाठीं वरची फेरी कोण खर्च करील? रंगांधळेपणामुळें स्टॉबाकला आरमाराच्या पुरवठा खात्यांत नेमणूक मिळाली. नोकरी स्वदेशांत राहूनही पुरी करतां आली असती. तरी त्यानें आपण होऊन व्हिएतनाम मागून घेतलें आणि तेथें एक वर्ष काढलें. पुरवठा अधिकाऱ्याचें काम म्हणजे आघाडीवरची झुंज नव्हे. जहाजांतून उतरणारा माल मोजून योग्य ठिकाणीं पोंचविणें, हें तें काम. त्याला टाळ्या पडत नाहींत. १९६७ मध्यें तो परतला, आणि उरलेला काळ पेन्साकोला येथील आरमारी तळावर नोकरी करीत व तेथील संघांत खेळत त्यानें घालविला.

१९६९ सालीं सत्तावीस वर्षांचा हा गडी काउबॉइज संघांत नवशिका म्हणून उभा राहिला. तेथेंही आरंभीं दुसऱ्याच्या मागें थांबणें आलेंच. १९७१ च्या हंगामांत जागा पक्की झाली, आणि १६ जानेवारी १९७२ रोजीं त्याच्या संघानें सुपर बोल ही अंतिम लढत मायामी संघाविरुद्ध २४-३ अशी जिंकली. १९७८ च्या जानेवारींत दुसऱ्यांदा तेंच यश आलें. अकरा हंगाम खेळून १९८० सालीं तो निवृत्त झाला. ज्या शहरानें त्याला दोनदां हरविलें, तेंच त्याचें कर्मस्थान ठरलें.

हें सारें वाचून एखादा म्हणेल कीं, कर्तव्य केलें म्हणजे फळ मिळतेंच. तसा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण तो खरा नव्हे. व्हिएतनामला निघतांना हें फळ स्टॉबाकला दिसत नव्हतें. दुसरें असें कीं, त्या सामन्यांतला स्टिचवे हाही व्हिएतनामला गेला, आणि धंदेवाईक खेळाचें वैभव त्याच्या वांट्याला कधींच आलें नाहीं. दोघांनीं दिलेला शब्द एकच होता, आणि दोघांनींही तो पाळला. एकाचें नांव पुढें जगभर झालें, म्हणून दुसऱ्याच्या शब्दाचें मोल उणें ठरत नाहीं.