अनारसे : मौखिक पाकपरंपरा आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना :
दिवाळीच्या फराळात अनारशाला मानाचे स्थान आहे. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची प्रथाही महाराष्ट्रात आढळते. ही कृती प्रामुख्याने आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे मौखिक परंपरेने संक्रमित झाली. प्रस्तुत लेखात या कृतीचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे.

कृती व तिचे संक्रमण :
जुना तांदूळ तीन दिवस भिजवावा, पाणी रोज बदलावे, तांदूळ सावलीत कापडावर पसरावा व दमट असतानाच कुटून चाळावा. त्यात किसलेला गूळ व थोडे तूप मळून गोळे काही दिवस मुरू द्यावेत. पुढे खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तुपात तळावे. एवढे शब्दांत सांगता येते. परंतु तांदूळ नेमका किती दमट असावा, हे मुठीत पीठ दाबूनच कळते. गूळ अधिक झाल्यास अनारसा तुपात विरघळतो. त्याला गृहिणी ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. अपयशाला असे नाव असणे, हे अनेक पिढ्यांच्या निरीक्षणाचे द्योतक आहे.

लेखी साधने :
मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी ‘सूपशास्त्र’ (१८७५) हा ग्रंथ रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने लिहिला. स्त्रियांच्या हातचे ज्ञान प्रथम पुरुषाच्या लेखणीतून छापले गेले, ही बाब लक्षणीय आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) व कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) यांमुळे स्त्रिया स्वतः लेखिका झाल्या. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे घरगुती माप रूढ केले. घराबाहेर पडलेल्या, सासू-आईपासून दूर राहणाऱ्या नव्या गृहिणीस त्याचा आधार वाटला. मात्र मापाने प्रमाण कळते, हाताचा अंदाज कळत नाही.

निष्कर्ष :
आज अनारशाचे तयार पीठ बाजारात मिळते. त्यामुळे श्रम वाचतात, हे स्वागतार्ह आहे; परंतु तीन दिवसांच्या प्रक्रियेत दडलेले ज्ञान पुढच्या पिढीकडे जाण्याचा मार्ग खुंटतो. दप्तरे व बखरी अभिलेखागारात सुरक्षित राहतात; वृद्ध स्त्रीच्या हातातील ज्ञान तिच्याबरोबरच जाते. म्हणून महाविद्यालयीन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या अशा कृतींची, त्यांतील बोलीशब्दांसह, नोंद करून घेणे अगत्याचे आहे.