विमानप्रवास, झडती आणि लोकमत

रस्त्यावर कोणी झडती घेऊ लागला, तर सभ्य गृहस्थ तो आपल्या अब्रूवरचा घाला समजतो. तोच गृहस्थ विमानतळावर कमरेचा पट्टा काढून, खिसे रिकामे करून, दोन्ही हात पसरून मुकाट्याने उभा राहतो. इतकेच नव्हे, तर तपासणी ढिली वाटली की अस्वस्थ होतो. लोकमानसातील हा पालट आपोआप घडलेला नाही. भारतात तो घडून यावयास सुमारे तीन दशके लागली, आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागली.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ विमानकंपन्यांचे एकीकरण होऊन इंडियन एअरलाइन्सची सेवा सुरू झाली, तेव्हा विमानप्रवास हा मोजक्या लोकांचाच होता. प्रवाशाला भय असे ते यंत्राच्या बिघाडाचे, धुक्याचे आणि वादळाचे. शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसाचे नव्हे.

३० जानेवारी १९७१ रोजी ह्या समजुतीला पहिला तडा गेला. श्रीनगरहून जम्मूस निघालेले 'गंगा' नावाचे फॉकर फ्रेंडशिप विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परतले, पण विमान जाळण्यात आले. त्या तरुणांजवळचे पिस्तूल खोटे होते आणि हातबाँब लाकडाचा होता, हे मागाहून उघड झाले. भारताने आपल्या प्रदेशावरून पाकिस्तानी विमानांना उड्डाणबंदी केली. पूर्व व पश्चिम पाकिस्तानमधील विमानांना त्यामुळे श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागला. ह्या प्रकरणात लोकांना राजकारण दिसले. विमानतळावरील उघडे दार फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही.

१० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले बोइंग विमान असेच लाहोरला गेले. पुढे पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी एक स्वतंत्र कक्ष निघाला. तथापि सरकारी कक्ष निघाला म्हणून लोकमत बदलते असे नाही. त्याच वर्षी २० डिसेंबरला इंदिरा गांधींच्या सुटकेची मागणी करीत दोघा तरुणांनी एक विमान वाराणसीस उतरविले. त्यांची हत्यारे म्हणजे खेळण्यातले पिस्तूल आणि चेंडू. १९८० मध्ये हे दोघेही उत्तर प्रदेश विधानसभेवर निवडून आले! विमान पळविणे हा त्या काळी मतदारांच्या दृष्टीने अक्षम्य गुन्हा नव्हता, ह्याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा? १९८२ च्या कायद्याने अपहरणास जन्मठेपेची शिक्षा ठरविली, ती ह्या पार्श्वभूमीवर.

अपहरण म्हणजे काही तासांची दहशत व शेवटी सुटका, हा समज २३ जून १९८५ रोजी समूळ नष्ट झाला. एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान माँट्रिअलहून लंडनकडे येत असता आयर्लंडनजीक समुद्रावर बाँबस्फोटाने उद्ध्वस्त झाले आणि ३२९ माणसे प्राणांस मुकली. येथे पिस्तूल नव्हते, मागणी नव्हती, वाटाघाट नव्हती. व्हँकूव्हर येथे एक पेटी सामानात चढविण्यात आली, पण तिचा मालक विमानात बसलाच नाही. टोरंटोतील क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बिघडले होते, आणि उरलेल्या सामानाची तपासणी हातातल्या उपकरणाने उरकण्यात आली. मृतांपैकी बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरीही ही आपल्याच देशाची शोकांतिका होय, हे तेथील समाजाच्या ध्यानी यावयास फार वर्षे गेली.

ह्या आघातानंतर माणसाइतकीच पेटीही संशयास्पद ठरली. १ एप्रिल १९८७ रोजी सुरक्षा कक्षाचे रूपांतर स्वतंत्र ब्यूरोत झाले. विमानाच्या पायथ्याशी मांडलेल्या सामानातून आपली पेटी बोटाने दाखवून मगच शिडी चढावयाची, हा विधी भारतीय प्रवाशाच्या अंगवळणी पडला. उन्हात उभे राहावे लागे, म्हणून तो कुरकुरत असे. पण बिनधन्याची पेटी म्हणजे काय, हे आता त्याला सांगावे लागत नव्हते.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेले विमान पळविण्यात आले आणि अखेर कंदाहारला नेण्यात आले. एका तरुण प्रवाशाची हत्या झाली. ओलिसांचे नातलग दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर टाहो फोडीत होते. ३१ डिसेंबरला तिघा दहशतवाद्यांना सोडून ओलिसांची सुटका करावी लागली. विमानतळावरील एका चुकीचे मोल सबंध राष्ट्राला द्यावे लागते, हे ह्या आठ दिवसांत घरोघर कळले. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर विमानतळाची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. पुढे देशातील प्रमुख विमानतळांवर हीच व्यवस्था आली.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील संहारानंतर वैमानिक कक्षाची दारे जगभर अभेद्य करण्यात आली. परंतु २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने तेच दार आतून बंद ठेवून विमान आल्प्स पर्वतावर आदळविले. बाहेर अडकलेल्या मुख्य वैमानिकाला ते फोडता आले नाही. १५० माणसे मेली. शत्रूला रोखणारे दार रक्षकालाही रोखू शकते, हा धडा कोणत्याही यंत्राने शिकविला नव्हता.

हातातील पिशवीच्या चिठ्ठीवरचा तपासणीचा शिक्का १ एप्रिल २०१७ पासून हैदराबाद, मुंबई, दिल्ली आदी सात विमानतळांवर बंद झाला. डिसेंबर २०२२ पासून काही ठिकाणी प्रवाशाचा चेहरा हीच त्याची ओळख मानणारी 'डिजियात्रा' सुरू झाली. पूर्वी पेटी उघडून दाखविणे ज्याला अपमानाचे वाटे, तो आज आपला चेहरा यंत्राच्या हवाली करतो. पेटीची झडती विमान सुटताच संपत असे; चेहऱ्याच्या नोंदीचे पुढे काय होते, हे विचारणेही प्रवाशाचेच काम आहे. आजवर असे प्रश्न अपघातानंतर विचारले गेले. हा एक तरी आधी विचारला जावा, एवढे शहाणपण मागल्या पिढ्यांच्या दुःखाने पदरी घातले आहे.