पाऊण मिलीमीटरचा इतिहास

येझदीच्या इंजिनाला डाव्या बाजूला एकच दांडा असतो. तो आत दाबून वर वळवला की किक, आणि गाडी चालू झाल्यावर पुन्हा पुढे पाडला की तोच गिअर. शिवाय गिअर टाकताना या दांड्यामुळे आतल्या आत क्लचही सुटतो. आजच्या बाइक चालवणाऱ्याला हा प्रकार गमतीचा वाटतो. मलाही वाटला होता. पण इंजिन खोलल्यावर त्यामागचा हिशेब कळतो. एका दांड्यात दोन कामं बसवली की एक दांडा वाचतो. त्याच्यासोबत त्याचं सील, त्याची स्प्रिंग आणि त्याचा बिघडण्याचा एक दिवसही वाचतो.

माझ्याकडची येझदी २५० क्लासिक १९८२ सालची आहे, मूळ आतोबांची. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शनिवार-रविवार बसून, दहा महिन्यांत मी ती चालती केली. वहीतल्या नोंदींप्रमाणे खर्च सत्तावीस हजारांच्या आसपास गेला. दर महिन्याला हप्ता, भाडं आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाता जे उरायचं, त्यातूनच तो करायचा होता. मित्रांना यात माझी हुशारी दिसते. मला त्यात इतिहास दिसतो. चाळीस वर्षांची गाडी एवढ्या पैशांत घरी उभी राहते, कारण तीन वेगवेगळ्या काळांतल्या लोकांनी, तीन वेगवेगळ्या अडचणींपायी, ती तशी घडवली.

पहिली अडचण प्रागमधली. फ्रँटिशेक यानेचेक हा चेक अभियंता शस्त्रास्त्रं बनवायचा. पहिल्या महायुद्धानंतर मागणी घटली, तेव्हा त्याला दुसरा धंदा हवा होता. वांडरर ही जर्मन कंपनी मोटरसायकलमधून अंग काढून घेत होती. यानेचेकनं तिच्या ५०० सीसी गाडीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ मध्ये ‘जावा’ सुरू केली. ती पहिली गाडी महाग होती आणि नेमकी जागतिक मंदी आली. कंपनी तरली ती १९३२ मध्ये काढलेल्या एका छोट्या, स्वस्त गाडीवर. तिचं १७५ सीसी इंजिन इंग्लंडच्या व्हिलियर्सचं होतं, टू-स्ट्रोक. जावाच्या पुढच्या वाटचालीत हा धडा कायम राहिला : लोकांच्या खिशाला परवडेल आणि लोकांना सांभाळता येईल तेच टिकतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. चेक भूमी नाझींच्या ताब्यात होती आणि कारखाना जर्मनांच्या कामाला जुंपलेला. त्या काळात जावाच्या अभियंत्यांनी चोरून एका नव्या २५० सीसी गाडीवर काम केलं. यानेचेक १९४१ मध्ये वारला, त्यानं ती बघितली नाही. १९४६ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी मांडली गेली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. मागच्या चाकाच्या स्प्रिंगांमुळे लोक तिला ‘पेराक’ म्हणू लागले. किक आणि गिअरचा एकच दांडा, गुळगुळीत अंडाकृती इंजिन, सुटसुटीत मांडणी, हे सगळं तिच्यात होतं. युद्धानं मोडलेल्या युरोपात ना सुटे भाग होते ना पैसे. अशा ठिकाणी विकायची गाडी साधीच असावी लागते. पुढे १९५४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलीमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलीमीटर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसरी अडचण आपल्याकडची. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन तोकडं होतं. १९५० च्या दशकात तयार वाहनांच्या आयातीवर बंधनं आली, म्हणजे गाडी विकायची तर ती इथेच बनवावी लागणार होती. मद्रासला एनफिल्ड, फरिदाबादला राजदूत, तशी मैसूरला जावा. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी ‘आयडियल जावा’ कंपनी काढली आणि १९६१ मध्ये मैसूरच्या यादवगिरी भागातल्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. परवाना चेक, कामगार कन्नड आणि मालक इराणी. त्याच इराणी समाजातल्या ज्यांच्या हॉटेलात पुण्या-मुंबईच्या कितीतरी पिढ्यांनी बन-मस्का खाल्ला.

१९७३ पासून गाडीच्या टाकीवरचं नाव बदललं. जावाच्या जागी आलं ‘येझदी’. हे नाव इराणमधल्या यझ्द शहराशी जोडलं जातं. झरतुष्ट्री इराण्यांपैकी अनेकांची मुळं तिथली. योगायोग असा की चेक भाषेत ‘येझदी’ म्हणजे ‘तो गाडीवरून जातो’. नाव बदललं तरी आतलं इंजिन मात्र ओळखीचंच राहिलं, तेच ६५ बाय ७५.

लायसन्स राजबद्दल आम्ही मुलांनी घरात एवढंच ऐकलं आहे की स्कूटर बुक केली की दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं. ते खरंच आहे. स्पर्धा नव्हती, म्हणून कंपन्यांना बदलायची घाई नव्हती. गिऱ्हाईकाला जे मिळेल ते घ्यावं लागे, तेही वाट बघून. त्या व्यवस्थेचं मला अजिबात कौतुक नाही. पण तिचा एक न ठरवलेला परिणाम आज माझ्या पार्किंगमध्ये पडलेला असतो. गाडी दशकानुदशकं फारशी बदलली नाही, म्हणून तिचे भागही बदलले नाहीत. साठच्या दशकातल्या जावाचे कितीतरी भाग माझ्या १९८२ च्या येझदीला बसतात. माझ्या नोकरीत याला आम्ही बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो आणि ती टिकवायला बैठकांवर बैठका घेतो. मैसूरच्या गाड्यांत ती टंचाईपायी आपोआप टिकून राहिली.

स्वस्तात काम होण्याचं दुसरं कारण इंजिनाच्या जातीत आहे. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, त्यांना हलवणारी साखळी नाही. मुख्य हलणाऱ्या वस्तू तीनच : पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. पेट्रोलमधूनच ऑइल जातं. ठिणगी पडते ती पॉइंट आणि कंडेन्सरमधून. पॉइंटमधली फट पातळ गेजपट्टी घालून बघायची, काजळी धरली असेल तर घासून साफ करायची. हेड काढायला, कार्बन खरवडायला, क्लच प्लेटा बदलायला, सहा व्होल्टची वायरिंग नव्यानं ओढायला पान्यांचा एक संच, पक्कड, टेस्टर आणि धीर एवढं पुरतं.

पण सगळं घरी होत नाही, आणि इथे तिसऱ्या लोकांचा इतिहास सुरू होतो. त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

सिलिंडर झिजला होता. तो घेऊन मी लेथवाल्याकडे गेलो. टू-स्ट्रोकचा बिडाचा सिलिंडर झिजला तर टाकायचा नसतो. तो आतून थोडा मोठा कातायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. मापं पाव-पाव मिलीमीटरनं वाढतात. टर्नरकाकांनी आधी जुना पिस्टन उलटा करून त्याच्या माथ्यावरचा आकडा वाचला, मग सिलिंडरमध्ये गेज घातला आणि म्हणाले, ‘हा पन्नासवर आहे. आधी बोअर झालेला. आता पंच्याहत्तर करू.’

म्हणजे कंपनीतून ६५ मिलीमीटरचा निघालेला सिलिंडर कधीतरी अर्धा मिलीमीटर मोठा झाला होता. आतोबांनी गाडी कधी, कुठे, कुणाकडे उघडली हे घरात कुणालाच सांगता येत नाही. त्याची पावती नाही, फोटो नाही. पण कुणीतरी ती उघडली होती, अचूक कातली होती आणि पुढची कित्येक वर्षं चालण्याजोगी करून दिली होती. त्या माणसाच्या कामाचा एकमेव दस्तऐवज म्हणजे सिलिंडरचा व्यास.

मग मी बाकीची गाडी तशीच वाचायला लागलो. पायाच्या दांड्याला वेल्डिंगची जाड शिवण. हेडलाइटचं बटण दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं. टाकीवर रंगाचे तीन थर : वर काळा, त्याखाली मरून, सगळ्यांत आत मूळ रंगाचा एक कपचा. क्लचची केबल सायकलच्या दुकानात बनवल्यासारखी. कंपनी गाडी बनवते एकदाच. त्यानंतर ती रोज थोडी-थोडी बनवत राहतात ती अशी माणसं. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात मी फक्त ऑइल सील दाखवलं, तर दुकानदारानं गाडी ओळखली आणि न विचारता शेजारचं पॅकिंगही काढून ठेवलं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, पथारीवर पडलेल्या लोखंडातून विक्रेता येझदीचा भाग बोटानं दाखवतो. यातल्या कुणाकडे मॅन्युअल नाही. ज्ञान हातात आहे, आणि हात म्हातारे होत चालले आहेत.

कारखाना मात्र त्यांच्याआधी गेला. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, हलकी, लिटरमागे येझदीच्या दुपटीहून जास्त धावणारी. त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० आली. अचानक गिऱ्हाईकाला निवड मिळाली आणि जी गाडी न बदलल्यामुळे टिकली होती ती न बदलल्यामुळेच मागे पडली. त्यात धुराचा प्रश्न होता. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येताना त्याचा काही भाग जळण्याआधीच सायलेन्सरमधून निसटतो, आणि सोबत ऑइलही जळत असतं. १९९१ पासून आपल्याकडे धुराचे नियम आले आणि पुढे कडक होत गेले. १९९६ मध्ये मैसूरचा कारखाना बंद पडला. नंतर न्यायालयाच्या आदेशानं कंपनी अवसायनात निघाली. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या कंपनीनं बाजारात परत आणली, पण ती इंजिनं फोर-स्ट्रोक आणि इंजेक्शनची. ती वेगळी गाडी आहे.

धुराचा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ही गाडी मी रोज ऑफिसला नेत नाही. पण मग ती ठेवायची कशाला, हा प्रश्न उरतो. कायदा त्याचं उत्तर वयावरून देतो. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरू शकते. तिला वेगळी नंबरप्लेट मिळते आणि नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये असतं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. पंधरा ते पन्नास या मधल्या वयात गाडी ना नवी, ना वारसा. नुसती जुनी.

मला ही व्याख्या अपुरी वाटते ती ‘मूळ’ या शब्दामुळे. मूळ स्वरूपात राहते ती गाडी बहुतेक वेळा श्रीमंताची, झाकून ठेवलेली. जी गाडी शिक्षकानं, दूधवाल्यानं, कारखान्यातल्या फोरमननं वीस-पंचवीस वर्षं रोज दामटली, तिच्यात फेरफार होणारच. फेरफार हाच तिच्या वापराचा पुरावा. ते पुसून तिला शोरूममधल्यासारखी केली, तर दिसायला १९८२ साल परत येईल, पण त्यानंतरची चाळीस वर्षं जातील.

यूट्यूबवर रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. क्रोम प्लेटिंग आणि आरशासारख्या रंगाला जे लाख-दीड लाख लागतात, ते नसतील तर काही बिघडत नाही. ब्रेक, टायर, वायरिंग, सील, बोअर यांवर पैसा घाला, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. बाकीचं साफ करा, गंज थांबवा, तेल द्या आणि ठेवून द्या. मी टाकी रंगवली नाही. वेल्डिंगची शिवण तशीच ठेवली, फक्त तिला तडा नाही ना ते तपासून घेतलं. परक्या गाडीचं बटण अजून परकंच आहे आणि दिवा लावतं. आणि कामाच्या तारखा, मापं, कुणी काय केलं, हे वहीत लिहून ठेवलं. आतोबांच्या वेळच्या त्या कारागिराचं नाव हरवलं, तसं टर्नरकाकांचं हरवू नये म्हणून.

सिलिंडर आता ६५.७५ वर आहे. टर्नरकाका म्हणतात, यात अजून एक बोअर सहज निघेल.