अंतराळ ताफा, टेबलावरचा
टाकाऊ वस्तूंपासून युद्धखेळासाठी बनवलेल्या चिमुकल्या यानांचा समूह. एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ने (१९१३) खेळण्यातल्या सैनिकांना नियम दिले, जॉन टफ्ली यांच्या ‘फुल थ्रस्ट’ने लढाई अंतराळात नेली. त्यात अंतर यानाखालच्या बैठकीच्या मध्यापासून मोजतात, म्हणून यान कशाचेही चालते.

पेनाची टोपणे, बटणे, गोळ्यांची रिकामी पाकिटे पुरतात. प्लास्टिकला फेविकॉल नीट धरत नाही, फेविक्विक घ्यावे. वरून एकच करडा रंग दिला की टोपण ओळखू येत नाही. पैसे रंगावरच खर्चावेत.

हरसूल, जव्हार, मोखाडा पट्ट्यात बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे होतात. टेबलावर मांडायचे लघुग्रह तसल्याच लगद्याचे झकास जमतात.

‘फुल थ्रस्ट’ची नियमपुस्तिका विनामूल्य मिळते.