अतिसंवाहक क्वांटम प्रोसेसर : चुका घटवणारी रचना

अत्यंत कमी तापमानात काही धातूंमधून वीज कोणत्याही रोधाविना वाहते. अशा धातूंच्या सूक्ष्म मंडलांपासून बनवलेल्या चिपला अतिसंवाहक क्वांटम प्रोसेसर म्हणतात. तिचा मूलभूत घटक म्हणजे क्यूबिट. साधा बिट ० किंवा १ असतो. क्यूबिट दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. मात्र उष्णता, विद्युतभारातील चढउतार किंवा धातूच्या पृष्ठभागावरील दोष यांमुळे हे मिश्रण विस्कटते आणि गणनेत चूक शिरते. म्हणूनच चिप निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, सुमारे १० ते २० मिलिकेल्विन तापमानात ठेवली जाते. पण केवळ थंडावा पुरत नाही. चिपची घडणही सुधारावी लागते.

आकार आणि धातू

१९९९मध्ये जपानमधील एनईसीच्या प्रयोगशाळेत पहिल्या अतिसंवाहक क्यूबिटचे नियंत्रण साधले, तेव्हा त्याची अवस्था काही नॅनोसेकंदच टिकली. २००७मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी ‘ट्रान्समॉन’ ही रचना मांडली. तिच्यात मोठा धारित्र जोडल्याने विद्युतभारातील चढउतारांचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. त्याची किंमत म्हणजे क्यूबिटच्या ऊर्जापातळ्यांमधील अंतरे जवळपास सारखी झाली, त्यामुळे नियंत्रणाचे स्पंद अधिक काटेकोरपणे घडवावे लागले. पुढे धातूकडे लक्ष गेले. २०२१मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने नायोबियमऐवजी टँटलम वापरून क्यूबिटची अवस्था ०.३ मिलिसेकंदाहून अधिक काळ टिकवली.

शेजाऱ्यांचा उपद्रव

क्यूबिट एकमेकांशी जोडल्याशिवाय गणना होत नाही. पण जोड सतत चालू राहिली, तर एकाच्या हालचालीने दुसरा बिघडतो. यावर उपाय म्हणजे हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी जोडणी. गुगलच्या ‘सिकमोर’ (२०१९) आणि आयबीएमच्या १३३ क्यूबिटांच्या ‘हेरॉन’ (२०२३) या चिपांत ती आहे. वैश्विक किरणांमुळे अनेक क्यूबिट एकदम बिघडू नयेत, यासाठी धातूच्या थरांची जाडीही विचारपूर्वक ठरवली जाते.

उंबरठ्याचे महत्त्व

अनेक क्यूबिट मिळून एक ‘तार्किक’ क्यूबिट बनवला, तर चुका ओळखून सुधारता येतात. परंतु मूळ क्यूबिटच फार चुकत असतील, तर संख्या वाढवल्याने चुकाही वाढतात. हा उंबरठा सुधारित हार्डवेअरमुळेच ओलांडता येतो. डिसेंबर २०२४मध्ये गुगलने १०५ क्यूबिटांच्या ‘विलो’ चिपवर ते दाखवले. क्यूबिटांची जाळी ३×३वरून ५×५ आणि ७×७ केली असता प्रत्येक टप्प्यावर चुकांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. सर्वांत मोठ्या जाळीत ते प्रत्येक फेरीमागे सुमारे ०.१४ टक्के होते. तार्किक क्यूबिट चिपवरील सर्वोत्तम मूळ क्यूबिटपेक्षा २.४ पट अधिक काळ टिकला.

भारतातील काम

ऑगस्ट २०२४मध्ये मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातील डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. २०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी २०३१पर्यंत सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे.

उपयुक्त गणनेसाठी चुकांचे प्रमाण आजच्यापेक्षा हजारो पटींनी कमी व्हावे लागेल. जाळी वाढवून ते साधता येते. परंतु प्रत्येक मूळ क्यूबिट जितका निर्दोष, तितके कमी क्यूबिट त्यासाठी खर्ची पडतात.