घरची कंपनी, दारचे धनको

अडकलेल्या पैशाची गोष्ट आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. माल दिला, बिल धाडले, आणि मग ‘उद्या या’ सुरू झाले. रक्कम लहान असली, की वकिलाची फी भरून भांडण्यात हशील नसते. इंग्लंडात १८४६ च्या कायद्याने यावर तोड काढली. ठिकठिकाणी काउंटी कोर्टे निघाली आणि २० पौंडांपर्यंतचे दावे तिथे थोड्या खर्चात चालू लागले.

पण दावा लावायचा कोणावर? १८६२ च्या कायद्याप्रमाणे सात भागधारक जमले, की मर्यादित जबाबदारीची कंपनी उभी राही. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात अ‍ॅरन सॉलोमन नावाचे बुटांचे कारखानदार होते. १८९२ साली त्यांनी आपल्या धंद्याची कंपनी केली. शेअर २०,००७, त्यांतले २०,००१ त्यांचे, आणि पत्नी, मुलगी व चार मुलगे यांचा एकेक. झाले की सात! शिवाय धंद्याच्या किमतीपैकी १०,००० पौंडांचे कर्जरोखे कंपनीने त्यांनाच दिले. तारण कंपनीची मालमत्ता.

पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. विक्रीचे पैसे रोख्यांनाच पुरेनात. उधारीने माल देणारे व्यापारी हात चोळीत बसले. कंपनीच्या वतीने लिक्विडेटर म्हणाला, “कंपनी कसली? हे तर सॉलोमनच! कर्ज त्यांनीच फेडावे.” खालच्या दोन्ही कोर्टांना ते पटले. अपिलाच्या वेळी सॉलोमन इतके निर्धन झाले होते, की गरिबांसाठी असलेल्या सवलतीवर त्यांना ते चालवावे लागले. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. लबाडी शाबीत झालेली नाही. कंपनी ही कायद्याने निराळी व्यक्ती. तिचे देणे ते तिचे, मालकाचे नव्हे. व्यवहार मर्यादित कंपनीशी आहे हे धनकोंना ठाऊक होते, असे लॉर्ड मॅकनॉटन यांनी बजावले.

हेच तत्त्व आपल्याकडील कोर्टांनीही मानले. तेव्हा शेठजींचा चेहरा ओळखीचा असला, तरी बिलावर नाव कोणाचे ते आधी पाहावे. घरच्या कंपनीला मोठी उधारी देताना मालकाची वैयक्तिक हमी लेखी घ्यावी. दाव्यातही कंपनीचे नाव नीट घालावे. नाही तर बरोबर हिशेब चुकीच्या दारी जायचा. आणि कंपनीजवळ काही शिल्लक आहे का, याची चौकशी दाव्याआधीच करावी. कारण हुकूमनामा मिळणे निराळे, वसुली निराळी.