युद्धखात्याचा वारस कोण? : एका नामांतराची चिकित्सा

अमेरिकेच्या संरक्षणखात्यास ‘युद्धखाते’ हे जुने नाव पुन्हा द्यावे, अशा आशयाची विधेयके सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मांडण्यात आली. त्याच महिन्याच्या ५ तारखेस राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आज्ञापत्र काढून हे नाव दुय्यम अभिधान म्हणून वापरण्यास अनुमती दिली होती. कायद्यातील नाव बदलण्याचा अधिकार मात्र काँग्रेसचाच. या वादात ‘पुन्हा’ हा शब्द फार सहजपणे वापरला गेला. इतिहासाच्या अभ्यासकाने तपासावयाचा तो हाच.

७ ऑगस्ट १७८९ रोजी स्थापन झालेल्या युद्धखात्याकडे प्रारंभी आरमाराचाही कारभार होता. १७९८ मध्ये आरमाराचे स्वतंत्र खाते निघाले आणि तेव्हापासून जवळजवळ दीडशे वर्षे युद्धखाते म्हणजे केवळ भूसेनेचे (व पुढे तिच्याच पोटी वाढलेल्या विमानदलाचे) खाते राहिले. दोन्ही खात्यांवर राष्ट्राध्यक्षाखेरीज तिसरा अधिकारी नसे. ही व्यवस्था किती महाग पडते, हे १९४१ च्या पर्ल हार्बर येथील हल्ल्याने दाखवून दिले. हवाई बेटांवरील भूसेना व आरमार यांच्या सेनानींत पुरेसा मेळ नव्हता, हे चौकशीत उघड झाले.

२६ जुलै १९४७ च्या कायद्याने युद्धखात्याचे नाव बदलले खरे. परंतु ते ‘भूसेनाखाते’ असे झाले, ‘संरक्षणखाते’ नव्हे! अखेरचे युद्धमंत्री केनेथ रॉयल हेच पहिले भूसेनामंत्री. विमानदल वेगळे झाले आणि तिन्ही खात्यांवर एक सैल छत्र उभारून त्यावर संरक्षणमंत्री म्हणून जेम्स फॉरेस्टल यांची नेमणूक झाली. आरमारमंत्री असताना बलिष्ठ एकीकरणास विरोध करणाऱ्या या गृहस्थांना आपल्या नव्या पदाचे अधिकार तोकडे असल्याचा अनुभव लवकरच आला. १० ऑगस्ट १९४९ च्या दुरुस्तीने त्या छत्राचे ‘संरक्षणखाते’ झाले व तिन्ही सेनाखात्यांचा स्वतंत्र कार्यकारी दर्जा गेला.

म्हणजे युद्धखात्याचे कायदेशीर वारसपण भूसेनाखात्याकडे जाते. जुने नाव संरक्षणखात्यास दिले, तर १७९८ पासून ज्या नावाखाली आरमार कधीच नव्हते, त्या नावाखाली ते येईल. याला पुनःस्थापना म्हणणे कठीण आहे. १९४९ चे नाव शांततावादाच्या मोहातून आले, हे मतही आम्हांस पटत नाही. त्यामागे तीन सेनांना एका मंत्र्याखाली आणण्याची निकड होती. ब्रिटनमध्येही ‘वॉर ऑफिस’ भूसेनेपुरतेच होते. १९६४ मध्ये ते, आरमारखाते व विमानखाते संरक्षण मंत्रालयात विलीन करण्यात आले.